दोनच बोटी

प्रवासाहून परत येऊन आता बरेच महिने झाले, तरी दांडिया बाजारात किंवा सूरसागरच्या काठी कोणी ओळखीचे भेटले की प्रश्न ठरलेला असतो: “मग, काय काय पाहिलंत?” मी हिमनद्या सांगतो, देवमासे सांगतो, रात्री दहा वाजता मावळणारा सूर्य सांगतो. विचारणाऱ्याचे समाधान होते. “काय ऐकलंत?” असे मात्र आजवर एकानेही विचारले नाही. गाणे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला निदान एवढे विचारायला हरकत नव्हती. कोणी विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तर मीच येथे देत आहे; आणि ते देता देता एका जुन्या वादाविषयी माझे मतही सांगणार आहे. जी गोष्ट सुंदर आहे ती सर्वांना खुली करावी की नाही, आणि करायची तर किती, असा हा वाद आहे. बडोद्याच्या लोकांना तो नवा नाही. मला त्याची आठवण झाली ती मात्र सातासमुद्रांपलीकडे, बर्फाच्या एका कड्यासमोर.

माझी एक जुनी शिष्या लग्नानंतर कॅनडातील व्हँकुव्हरला स्थायिक झाली आहे. तिथल्या मुलांना दोन महिने शिकवावे म्हणून तिने मला बोलावले, आणि २०२५ च्या जून महिन्यात वर्ग संपल्यावर तिने व तिच्या यजमानांनी मला सात दिवसांच्या जलपर्यटनाला नेले. माझा बोटीचा अनुभव म्हणजे लहानपणी मुंबईहून एलिफंटाला जाऊन आलो तेवढाच. “सर, नाही म्हणू नका,” असे ती म्हणाली, आणि मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. घरून नेलेला चिवडा आणि मेतकूट तेवढे बरोबर घेतले.

व्हँकुव्हरहून निघून अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या या जलमार्गाला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात. एका बाजूला मुख्य भूमी आणि दुसऱ्या बाजूला बेटांच्या रांगा. त्यांच्यामधून बोट जात असल्यामुळे खुल्या समुद्राचा मार बसत नाही. किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि माड येतात. तिथे वाळू जवळजवळ नाहीच. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्यावर सूचिपर्णी वृक्षांचे काळेभोर जंगल अगदी भरतीच्या रेषेपर्यंत आलेले, आणि वरच्या बर्फातून सुटलेले धबधबे जागोजाग दोऱ्यासारखे लोंबत असलेले. तासन् तास गेले तरी एक घर, एक दिवा दिसत नाही.

पण ज्या बोटीतून हे ओसाड वैभव पाहायचे ती बोट म्हणजे एक तरंगते गावच. तीन हजारांच्या आसपास उतारू आणि हजारावर नोकरमाणसे. नाटकगृह, पोहण्याचे तलाव, दुकाने, जुगाराचे टेबल, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे चाललेले वाजप. पहिल्या दोन दिवसांत मला असे वाटू लागले की लग्नाच्या हॉलमध्ये बसून खिडकीतून हिमालय पाहावा तसे हे चालले आहे.

बोट ज्या गावांना लागते त्यांची स्थितीही विचार करायला लावणारी आहे. जुनो हे अलास्का राज्याच्या राजधानीचे गाव. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये असे चेपलेले आहे की बाहेरून तिथे रस्त्याने जाताच येत नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. वस्ती सुमारे ३२ हजार. अशा गावात २०२३ साली जलपर्यटनाचे सोळा लाखांहून अधिक पाहुणे उतरले. पाहुणे पैसे आणतात, दुकाने चालवतात, गावाला रोजगार देतात, हे तिथले लोक मान्य करतात. पण गावात चालायला जागा नाही, डोक्यावरून हेलिकॉप्टरांची घरघर थांबत नाही, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी गावाने बोटवाल्या कंपन्यांशी करार केला: २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी, आणि २०२६ च्या हंगामापासून एकंदर उतारूंच्या जागा दिवसाला १६ हजार, शनिवारी १२ हजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये शनिवारी मोठ्या बोटी अजिबात नकोत असाही प्रस्ताव मतदानाला आला, पण तो बहुमताने फेटाळला गेला. म्हणजे दार लावून घ्यावे असे त्या गावाला वाटले नाही. पण चौकट असावी असे मात्र वाटले.

आता ज्या जागेसाठी हे सारे लिहीत आहे तिकडे येतो. पाचव्या दिवशी पहाटे बोट ग्लेशियर बे नावाच्या खाडीत शिरली. ही खाडी सुमारे ६५ मैल लांब. तिचे आश्चर्य असे की पावणेतीनशे वर्षांपूर्वी ती खाडी नव्हतीच. १७५० च्या सुमारास ती सारी बर्फाने भरलेली होती आणि हिमनदीचे तोंड बाहेरच्या सामुद्रधुनीपर्यंत पोचले होते. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतील माणसे तिथे आली तेव्हा खाडी म्हणून जेमतेम पाच मैलांची खोबण त्यांना दिसली. पुढे बर्फाची भिंत. १८७९ साली जॉन म्यूर हा निसर्गप्रेमी लेखक होडीतून तिथे गेला, तोवर बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे सरकले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते पार खाडीच्या टोकाशी जाऊन पोचले. यातील बरीचशी माघार ही आजच्या तापमानवाढीच्या आधीची आहे, हे तिथले जाणकार मुद्दाम सांगतात. पण आज तिथल्या हिमनद्या ज्या वेगाने पातळ होत आहेत त्याचे कारण वेगळे आहे आणि ते आपण सारे जाणतोच.

१९२५ साली या प्रदेशाला सरकारी संरक्षण मिळाले, आणि १९८० मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. या उद्यानाचा एक नियम असा की मोठ्या प्रवासी बोटी दिवसाला दोनच आत यायच्या. तिसरी नाही. नियमामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. उन्हाळ्यात तिथे हंपबॅक जातीचे देवमासे चरायला येतात. १९७८ साली हे देवमासे हंगामाच्या मध्येच खाडी सोडून निघून गेले. बोटींची वर्दळ हेच त्याचे कारण होते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत झाले नाही. पण त्यानंतर लवकरच बोटींच्या संख्येवर आणि वेगावर बंधने आली. देवमासे असतील त्या भागात बोटींना आपली चाल बरीच मंद ठेवावी लागते.

हा नियम ऐकून डेकवर माझ्या शेजारी उभे असलेले पुण्याकडचे एक निवृत्त अभियंता चिडले. “अहो मास्तर, एवढी पासष्ट मैलांची खाडी, आणि दोनच बोटी? हे तर श्रीमंतांचे चोचले झाले. निसर्ग काय कोणाच्या बापाचा आहे?”

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला त्यांचेच पटले. त्याचे कारण माझ्या घरात आहे. माझे वडील तरुणपणी बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात नोकरीला होते. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. फैयाजखाँसाहेबांना त्यांनी दरबारात ऐकले होते, आणि त्या गाण्याविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली येई. पण त्याच श्वासात ते हेही सांगत की त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, ते गाणे कधी ऐकायला मिळाले नाही. तिच्यासाठी दरबाराचे दार नव्हते. म्हणूनच सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, सामान्य घरांतील मुलांना स्वरलिपीवरून गाणे शिकता येईल अशी सोय केली, ही गोष्ट आमच्या घरी देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जाई. ती शाळा पुढे विद्यापीठाचा भाग झाली आणि आजही चालू आहे. १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषद पहिल्यांदा भरली तीही याच गावात. दार उघडले म्हणून आम्ही आहोत. मग कोणी ‘दोनच बोटी’ म्हटले की माझ्या मनात पहिला संशय येतो तो हाच, की पुन्हा एक दरबार उभा राहतो आहे काय.

तो संशय दुपारपर्यंत टिकला.

दुपारी बोट मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर थांबली. सुमारे एक मैल रुंदीचा निळसर कडा, पाण्यावर अडीचशे फूट उंच. खाडीत शिरल्यापासून आमच्या बोटीने डेकवरचे वाजप बंद ठेवले होते. मी मनाशी ठरवून गेलो होतो की इथे संपूर्ण शांतता ऐकायची. पण शांतता मुळीच नव्हती. पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे सतत तडतडत होते, फोडणीत मोहरी तडतडावी तसे. बर्फात शेकडो वर्षे कोंडलेली हवा, बर्फ वितळताना, बुडबुडे फोडून बाहेर पडते त्याचा तो आवाज. पाण्याखाली तर तो इतका वाढतो की हिमनद्यांच्या खाड्या या समुद्रातील सर्वांत गोंगाटाच्या जागांपैकी आहेत, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले आहे. मधूनच कड्याच्या आत कुठे तरी बंदुकीसारखा बार होई आणि काहीच पडत नसे. मग एकदा कड्याचा एक सुळका हलला, सावकाश खाली आला, पाणी उसळले, आणि त्यानंतर दोन-अडीच सेकंदांनी आवाज पोचला. लांबच्या घाटावर धोबी कपडे आपटतो तेव्हा हात वर गेल्यावर आवाज येतो, तसे. विलंबित लयीतील एका मात्रेएवढे ते अंतर. डोळ्यांनी सम पाहायची आणि कानांनी ती नंतर घ्यायची, असा ताल मी कधी अनुभवला नव्हता. तिथले मूळ रहिवासी या आवाजाला ‘पांढरी गर्जना’ म्हणतात.

आणि ती गर्जना माझ्यापर्यंत नीट पोचली नाही. कारण सुळका पडताक्षणी हजारो माणसांनी टाळ्या आणि शिट्ट्या वाजवल्या. दुसऱ्या बाजूला आपल्याच देशाची एक मंडळी खिशातल्या यंत्रावर सिनेमाचे गाणे लावून उभी होती. उद्यानाच्या रक्षकबाई आल्या आणि त्यांनी हसून ते बंद करायला सांगितले. मला त्या मंडळींचा राग आला. पण तो फार वेळ टिकला नाही. संध्याकाळी मी माझ्या फोनवर घेतलेले चित्रण लावून पाहिले. त्यात वाऱ्याची खरखर आहे, आणि ऐन गर्जनेच्या वेळी एका माणसाचे मोठ्याने ओरडलेले “अगं बाई गं!” आहे. तो आवाज माझा आहे. चाळीस वर्षे ‘आधी ऐकायला शिका’ असे ऐकलेल्या आणि वीस वर्षे तेच शिकवणाऱ्या माणसाने एवढा दूर जाऊन स्वतःचा आवाज तेवढा टिपून आणला!

तेव्हा कुठे मला त्या नियमाचा अर्थ लागला. हा प्रश्न ‘आपले कोण आणि परके कोण’ असा नव्हताच. एका वेळी किती, एवढाच होता. त्या खाडीत पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवून देवमाशांच्या आवाजाचा अभ्यास झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की भोवतालचा गोंगाट वाढला की देवमासे अधिक मोठ्याने साद घालतात, आणि साद घालण्याचे प्रमाण कमी करतात. हे वाचून मला हसू आले नाही. आपल्या गावच्या कुठल्याही समारंभात, बाहेर ध्वनिक्षेपक चालू असताना गायला बसलेल्या गवयाचे नेमके हेच होते. आधी तो आवाज चढवतो. मग आलाप आखडता घेतो. मग नुसती द्रुत चीज म्हणून उठतो. श्रोत्यांना वाटते, आज बुवा रंगले नाहीत. मुकाट झालेला देवमासा आणि आटोपते घेणारा गवई यांच्यात फरक एवढाच की गवयाला बिदागी मिळते.

पण संख्येचे गणित हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा मला त्याच बोटीवरच्या नाटकगृहात समजला.

खाडीच्या तोंडाशी उद्यानाचे रक्षक छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात. त्यांच्याबरोबर हूना ट्लिंगिट लोकांपैकी एक बाई आल्या होत्या. ही खाडी मुळात त्यांच्या पूर्वजांचे घर. बर्फ नव्हते तेव्हा तिथे त्यांची गावे होती. मग हिमनदी पुढे सरकू लागली. त्यांच्या कुळकथेत असे सांगतात की एकांतात बसवलेल्या एका वयात आलेल्या मुलीने, कुत्र्याला बोलवावे तसे, हिमनदीला बोलावले आणि ती आली. लोकांना गाव सोडावे लागले, आणि एक स्त्री घरातच मागे राहिली. लोकांनी होडीतून दूर जाताना बर्फाखाली जाणारे घर पाहिले. त्या निरोपाचे गाणे अजून त्या कुळाकडे आहे. पुढे बर्फ हटले, ते लोक पुन्हा खाडीत येऊ लागले, तर तोवर सरकारचे संरक्षण आले. शिकार बंद, समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करणे बंद. ज्यांचे घर तेच तिथे परके झाले. अंडी गोळा करण्याला परवानगी देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले, आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचे कुळघर पुन्हा उभे राहिले ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये. त्यांच्या भाषेत या खाडीचे नाव ‘हिमनदीच्या जागची खाडी’ असे आहे. पाठ्यपुस्तकात दहा पाने लिहून जे कळले नसते ते या एका नावात आहे.

गोष्ट संपल्यावर कोणी तरी म्हणाले, ते गाणे म्हणून दाखवा ना. मीही मान डोलावली. मला तर ते ऐकायचेच होते. बाई शांतपणे म्हणाल्या, “ते गाणे माझ्या कुळाचे नाही. ज्यांचे आहे त्यांना मी विचारलेले नाही.” आणि त्या खाली बसल्या.

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. आमचे अभियंता पुन्हा कुजबुजले, “बघा, मास्तर, तुमच्या घराणेवाल्यांसारखेच!” वरवर पाहता ते खरे होते. आपल्याकडे खाँसाहेब आणि बुवा यांनी चिजा लपवल्या, मुलाला दिल्या आणि शिष्याला दिल्या नाहीत, अर्धी बंदिश शिकवून अर्धी बरोबर नेली. या कृपणपणाने किती संगीत मातीत गेले त्याची गणती नाही. भातखंडे यांच्यासारख्यांना त्या चिजा मिळवून छापण्यासाठी आयुष्य घालवावे लागले, आणि त्यांचे आपल्यावर ऋण आहे. तेव्हा अशा नकाराचे कौतुक करायला मी सहजासहजी तयार होणारा माणूस नाही.

पण त्या बाईंचा नकार तसा नव्हता. ट्लिंगिट लोकांत गाणे, कथा, नाव, चिन्ह ही कुळाची मालमत्ता असते. जमिनीवरच्या हक्काचे ते जणू दस्तऐवजच असतात. घरदार बर्फाखाली गेले, नंतर कायद्याखाली गेले. गाणे तेवढे हातात राहिले. ते चार भिंतींत लपवलेले नाही. योग्य प्रसंगी ते सर्वांसमोर म्हटले जाते, पण कोणाचे ते सांगून, आणि ज्यांचे त्यांच्या संमतीने. ‘देणार नाही’ आणि ‘विचारल्याशिवाय देणार नाही’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे मला आजवर कोणी इतक्या थोडक्या शब्दांत शिकवले नव्हते.

म्हणून माझे मत असे झाले आहे. खुले करणे निराळे आणि मोकाट सोडणे निराळे. सयाजीराव महाराजांनी गाणे खुले केले तेव्हा त्याला शाळा दिली, इयत्ता दिल्या, शिक्षक दिले, एका वर्गात किती मुले बसतील याचा हिशेब दिला. त्यांनी दरबाराचा दरवाजा काढून चव्हाट्यावर तंबोरा ठेवला नाही. आज आपण मात्र खुलेपणाची खूण म्हणून फक्त गर्दी मोजतो. किती बोटी लागल्या, किती तिकिटे खपली, किती हजारांनी पाहिले. ज्या गोष्टीला ऐकण्याची गरज आहे ती गर्दीला दिली की ती कोणालाच मिळत नाही. गरिबाला नाही, श्रीमंतालाही नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. दोनच बोटी म्हटल्या की त्या दोन बोटींत कोण बसणार हे पैसा ठरवतो. माझे तिकीट शिष्येने काढले नसते तर माझ्या पगारात मी तो कडा सात जन्मांत पाहिला नसता. तेव्हा संख्या ठरवणाऱ्याने पाळी कशी लावायची हेही ठरवले पाहिजे. नाहीतर अभियंत्यांचे म्हणणे खरे ठरेल आणि नवा दरबार भरेल. शिवाय बोट दोन असोत की वीस, धूर सोडतेच, आणि तो धूर ज्या बर्फाला वितळवतो तेच बर्फ पाहायला आम्ही गेलो होतो, ही विसंगतीही माझ्या नावावर लिहून ठेवतो. पण आक्षेप आहेत म्हणून नियमच नको, असे होत नाही. मैफिलीच्या तिकिटाचा दर चुकीचा असेल तर तो बदलावा; त्याचा उपाय म्हणून दिवाणखान्यात पाचशे माणसे कोंबू नयेत.

आपल्या जुन्या घरांतून आता बहुतेकांची मुले परदेशी आहेत, आणि आईवडील भेटीला गेले की त्यांना अशा बोटीवर नेण्याची चाल पडली आहे. जरूर जावे. फक्त एवढे करावे: हिमनदीसमोर बोट थांबली की पहिला अर्धा तास फोन खोलीतच ठेवावा. टाळ्या वाजवू नयेत. आलापात कोणी टाळ्या वाजवतो काय? आणि स्थानिक माणूस बोलत असेल तर चहाला उठू नये. इकडे घरीही तेच. आपल्या संस्थांनी वर्षातून एक मोठा जलसा भरवावा, त्याला माझा विरोध नाही. पण त्याबरोबर साठ माणसांच्या बारा बैठकी, ध्वनिक्षेपकाशिवाय, ज्याला हवे त्याला पाळीपाळीने बसता येईल अशा भरवाव्यात. खर्च तेवढाच येईल, आणि ऐकणारे सातशे वीस होतील.

आता स्वतःचे. वडिलांच्या ट्रंकेत एक वही आहे. त्यांच्या गुरूंनी, म्हणजे खाँसाहेबांनी, दिलेल्या अकरा चिजा तीत आहेत, ‘घराबाहेर देऊ नये’ अशा अटीवर दिलेल्या. वडील ती अट पाळून गेले. मी मात्र गेली काही वर्षे चुळबुळत होतो. विद्यार्थी म्हणत, सर, ध्वनिमुद्रण करून सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकून द्या, ज्ञान खुले करा. मी जवळजवळ तयार झालो होतो. अलास्काहून आल्यावर मी आधी खाँसाहेबांच्या नातवाचा पत्ता काढला. सौराष्ट्रात एका गावी त्यांचे शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. वय साठीच्या पुढे. फोनवर मी सारी हकिकत सांगितली आणि विचारले, या चिजा वर्गात शिकवू का?

बराच वेळ पलीकडून फक्त यंत्राचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “आमच्या आजोबांच्या अकरा चिजा आहेत हेच मला माहीत नव्हते. वडिलांनी गाणे सोडले होते. शिकवा, नाव सांगून शिकवा. पण मास्तरजी, आधी मला शिकवा.”

दर रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते फोन करतात. पहिल्या चिजेची अस्ताई झाली आहे. सूर अजून लागत नाही, पण ऐकतात फार चांगले.